सत्तरीचा वणवा आणि कक्षेतला जीपीयू : नव्वद सेकंदांत काय मावते

मार्च २०२३च्या पहिल्या पंधरवड्यात गोव्यातल्या म्हादई अभयारण्यात पेटलेले वणवे सत्तरी तालुक्यात अजून कोणी विसरलेले नाही. वर नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरे पाणी ओतत होती. खाली वनरक्षक आणि गावातली माणसे पातेरा (वाळलेला पालापाचोळा) बाजूला ओढून, हिरव्या फांद्यांनी झोडपून आग अडवत होती. अभयारण्य सुमारे २०८ चौरस किलोमीटरचे आहे आणि त्याचा बराचसा भाग असा चढाचा, की धूर दिसला तरी तिथे पोचायला अर्धा दिवस लागतो. त्यामुळे पहिली सूचना किती लवकर मिळते यावर पुढचे सगळे ठरते.

त्यानंतर वाळपई आणि फोंडा भागातल्या काही जणांचा एक गट जमला. दोन प्रोग्रामर, अभियांत्रिकीची एक विद्यार्थिनी, वनखात्यातून निवृत्त झालेले एक अधिकारी आणि डोंगराच्या पायथ्याशी काजूची बागायत असलेले एक काका. त्या दोन प्रोग्रामरपैकी एक मी. गटापुढे आलेला प्रश्न असा : उपग्रहाने काढलेले चित्र जमिनीवर उतरवून मग तपासण्याऐवजी उपग्रहावरच्याच जीपीयूवर, म्हणजे एकाच वेळी ढीगभर आकडेमोड करणाऱ्या चिपवर, तपासले, आणि फक्त 'इथे आग आहे' एवढाच निरोप खाली पाठवला, तर सत्तरीला त्याचा उपयोग होईल का? या एका प्रश्नाचा पाठपुरावा करताना काय काय निघाले ते इथे मांडतो.

आधीपासून काय आहे

भारतात वणव्याच्या सूचना देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून मोबाइलवर येतात. त्या मॉडिस आणि व्हीआयआयआरएस या उपग्रहांवरच्या उपकरणांच्या चित्रांवर आधारलेल्या असतात. मॉडिसचा पिक्सेल एक किलोमीटरचा, व्हीआयआयआरएसचा ३७५ मीटरचा. दुसऱ्या उपकरणाची नजर तीन हजार किलोमीटरहून रुंद पट्ट्यावर फिरते, म्हणून दिवसातून दोनदा, दुपारी दीडच्या सुमारास आणि रात्री दीडच्या सुमारास, ते गोवा पाहतेच. ही व्यवस्था चांगली आहे आणि आमच्या गटातल्या कोणालाही ती मोडीत काढायची नव्हती.

अडचण घड्याळाची आहे. काजूच्या हंगामात दुपारी तीनला पेटलेली आग दीडच्या फेरीत नसतेच. त्या उपकरणाची पुढची फेरी मध्यरात्रीनंतर. तोवर समुद्रावरून येणारा दुपारचा वारा ज्वाळा चढणीला लावून देतो. निवृत्त अधिकाऱ्यांनी पहिल्याच बैठकीत हे एका वाक्यात सांगितले : "तीन ते सहा हे तीन तास आम्हाला आंधळे असतात."

भूस्थिर कक्षेतले इन्सॅट-३डीआर आणि २०२४मध्ये गेलेला इन्सॅट-३डीएस सतत भारताकडे पाहत असतात, मग त्यांचे चित्र का नको, असे बागायतदार काकांनी विचारले. प्रश्न रास्त होता. त्यांच्या ३.९ मायक्रॉन तरंगलांबीच्या पट्ट्याचा पिक्सेल चार किलोमीटरचा आहे. दहा मीटर बाय दहा मीटरची आग म्हणजे त्या पिक्सेलचा एक लाख साठ हजारावा भाग. ती त्यात विरघळून जाते. मोठा वणवा दिसेल, पण मोठा वणवा तर वाळपईच्या बाजारातूनही दिसतो.

म्हणून नजर गेली छोट्या, खालच्या कक्षेतल्या, थर्मल कॅमेरा असलेल्या उपग्रहांकडे. ओरोराटेक या जर्मन कंपनीने वणवे शोधण्यासाठी असे उपग्रह २०२२पासून सोडले आहेत आणि चित्रांवरची प्रक्रिया कक्षेतच करण्यावर तिचा भर आहे. अवकाशात संगणन करणे आता नवलाईचे राहिलेले नाही. युरोपीय अवकाश संस्थेच्या फायसॅट-१ने २०२०मध्ये ढगाळ चित्रे वरच्या वर बाजूला काढून दाखवली, तेही जीपीयूशिवाय, इंटेलच्या मिरियाड-२ या छोट्या चिपवर. आपल्याकडे डिसेंबर २०२४च्या पीएसएलव्ही-सी६० मोहिमेत रॉकेटचा चौथा टप्पाच पोएम-४ या नावाने प्रयोगमंच म्हणून वापरला गेला आणि त्यावर हैदराबादच्या टेकमीटूस्पेस या कंपनीचे कक्षेत एआय चालवण्याचे उपकरण होते. नोव्हेंबर २०२५मध्ये तर स्टारक्लाउड या अमेरिकी कंपनीने एनव्हिडियाचा एच१०० हा डेटा सेंटरातला जीपीयू कक्षेत नेला. आमची गरज त्या मानाने फार लहान होती.

मिळालेल्या मर्यादा

ज्या कंपनीकडे आम्ही उपग्रहावर थोडा संगणनवेळ मागितला तिचे नाव इथे गरजेचे नाही. तिने आखलेला उपग्रह सुमारे ५०० किलोमीटर उंचीवरचा, सूर्यसमकालिक (दर वेळी साधारण त्याच घड्याळवेळी जाणाऱ्या) कक्षेतला, गोव्यावरून दुपारी चारच्या आसपास जाणारा. त्यावर ६४० बाय ५१२ पिक्सेलचा थर्मल कॅमेरा, तीन पट्टे, जमिनीवर पिक्सेल २०० मीटरचा. संगणनासाठी एनव्हिडियाचे जेटसन झेवियर एनएक्स मॉड्यूल : ३८४ क्यूडा कोअर (क्यूडा म्हणजे एनव्हिडियाच्या जीपीयूवर प्रोग्राम चालवण्याची प्रणाली), आठ जीबी मेमरी, आणि १०, १५ किंवा २० वॅटची मर्यादा ठरवता येण्याची सोय.

पाहुण्या प्रोग्रामला अट अशी की एका प्रदक्षिणेत जीपीयू १५ वॅटवर जास्तीत जास्त नव्वद सेकंद. प्रदक्षिणा साधारण ९५ मिनिटांची, त्यातली पंचवीसेक मिनिटे पृथ्वीच्या सावलीत. बाकीचा वेळ मॉड्यूल बंद.

नव्वद सेकंद ऐकून आमच्या विद्यार्थिनीचा चेहरा पडला. माझ्या मते मात्र ही अट या प्रकरणातली सगळ्यांत शिकवणारी गोष्ट ठरली, म्हणून ती कुठून येते ते नीट सांगतो.

टेबलावर जेटसनला पंखा असतो. पोकळीत हवाच नाही, तेव्हा पंख्याचा काही उपयोग नाही. उष्णता धातूतून सांगाड्यात जाते आणि तिथून फक्त प्रारणाने, म्हणजे किरणांच्या रूपात, बाहेर पडते. २७ अंश सेल्सिअसला असलेला, चांगला रंग दिलेला रेडिएटर दर चौरस मीटरला साधारण ३९० वॅट बाहेर टाकतो. आपल्या वाट्याला ०.०४ चौरस मीटर, म्हणजे २० सेंटिमीटर बाय २० सेंटिमीटरचा तुकडा आला, तर त्यातून १५.६ वॅट जातात. त्यातूनही पृथ्वीकडून आणि सूर्याकडून येणारी उष्णता वजा करायची. म्हणजे १५ वॅटचा जीपीयू सतत चालवायचा म्हटले तर हिशेब जुळत नाही.

पण थोडा वेळ चालवला तर? मॉड्यूल ज्या ॲल्युमिनियमच्या पाटीला घट्ट बसवलेले असते ती अर्धा किलोची धरली, तर तिला एक अंश तापवायला सुमारे ४५० ज्यूल लागतात. १५ वॅट गुणिले ९० सेकंद म्हणजे १,३५० ज्यूल. पाटी तीन अंशांनी तापते, एवढेच. मग उरलेल्या दीड तासात ती बिडाच्या तव्यासारखी सावकाश निवत जाते. झटक्यात काम करून बंद होणारा प्रोग्राम कक्षेत सुखाने राहू शकतो. तोच प्रोग्राम 'चालू राहू दे, वेळ लागला तर लागू दे' म्हणून लिहिला, तर तो स्वतःच्याच उष्णतेने मंदावतो आणि मंदावल्यामुळे आणखी वेळ खातो. हे आम्ही पंखा काढून, मॉड्यूल पाटीला आवळून, थर्माकोलच्या खोक्यात बंद करून पाहिले. निर्वात कक्षाची बरोबरी त्याने होत नाही, पण उष्णता कुठे अडकते ते खोक्यातही कळते.

चित्र खाली का उतरवत नाही

उपग्रहाच्या थेट खालचा बिंदू जमिनीवर सेकंदाला सुमारे सात किलोमीटर सरकतो. गोव्याची उत्तर-दक्षिण लांबी साधारण १०५ किलोमीटर. म्हणजे तेरेखोलपासून पोळेपर्यंत अख्खा गोवा पंधरा सेकंदांत मागे पडतो. आम्ही गोव्यापुरते न थांबता पश्चिम घाटाचा ६०० किलोमीटरचा पट्टा धरला, कारण वणव्याला राज्याची हद्द कळत नाही आणि चोर्ले घाटाच्या पलीकडे पेटलेले अलीकडे यायला वेळ लागत नाही. सेकंदाला एक फ्रेम घेतली तर पंच्याऐंशी फ्रेम. प्रत्येक फ्रेम तीन पट्ट्यांची, पिक्सेलमागे दोन बाइट, म्हणजे सुमारे दोन मेगाबाइट. एकूण १६७ मेगाबाइट.

खाली येणारी रेडिओवाट सेकंदाला दोन मेगाबिटांची. तेवढा माल उतरायला अकरा मिनिटे लागतात. ५०० किलोमीटर उंचीवरचा उपग्रह एखाद्या स्थानकाच्या अगदी डोक्यावरून गेला तरी क्षितिजापासून क्षितिजापर्यंत साडेअकरा मिनिटेच दिसतो, आणि कामाची त्यातली सहा-सात. शिवाय गोव्यावरून गेल्यानंतर पुढचे स्थानक येईपर्यंतचा वेळ वेगळा, आणि रांगेत इतर ग्राहकांची चित्रेही असतात. सूचना हाती पडेपर्यंत अंधार होणार.

याउलट आगीचा निरोप शंभर-दोनशे बाइटचा असतो. इरिडियमच्या छोट्या संदेश सेवेत एका खेपेला ३४० बाइट पाठवता येतात, आणि असा मोडेम छोट्या उपग्रहांवर बसवला गेला आहे. स्थानकाची वाट पाहावी लागत नाही, वरच्या वर दुसऱ्या उपग्रहांच्या जाळ्यातून निरोप जमिनीवर येतो. १६७ मेगाबाइट आणि ३४० बाइट यांच्यामधली दरी भरून काढणे, एवढेच काम जीपीयूला करायचे आहे.

आग कशी ओळखायची

इथे भौतिकशास्त्र आपल्या बाजूने आहे. जळत्या पातेऱ्याचे तापमान ६०० अंश सेल्सिअसच्या वर धरले तर त्याचे प्रारण तीन-चार मायक्रॉनच्या आसपास सर्वाधिक असते. साध्या जमिनीचे दहा मायक्रॉनच्या आसपास. समजा २०० मीटरच्या पिक्सेलमध्ये दहा बाय दहा मीटरची आग आहे. ती पिक्सेलचा चारशेवा भाग आहे. भोवतालची जमीन ३२ अंशांना आणि आग ६२७ अंशांना धरून प्लँकच्या सूत्राने हिशेब केला, तर चार मायक्रॉनच्या पट्ट्यात तो पिक्सेल ९३ अंशांचा भासतो. अकरा मायक्रॉनच्या पट्ट्यात मात्र जेमतेम साडेपस्तीस. दोन पट्ट्यांतली ही फारकत हीच आगीची खूण.

आणि नेमकी हीच खूण सत्तरीच्या सड्याला, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठाराला, नसते. मार्चमधल्या दुपारी उघडा जांभा पन्नाशी ओलांडतो, पण तो दोन्ही पट्ट्यांत बरोबरीने तापतो. बंद पडलेल्या खाणींचे उघडे उतार, पत्र्याची छपरे, तीही तशीच. फसवतात ती पाण्यावरची किरणे : अंजुणे धरणाच्या पाण्यावरून सूर्य नेमक्या कोनात परावर्तित झाला तर फक्त चार मायक्रॉनच्या पट्ट्यात चमक येते, अगदी आगीसारखी. त्यासाठी पाण्याचा नकाशा आणि सूर्याचा कोन प्रोग्रामला आधीच द्यावा लागतो.

वरचा हिशेब मोकळ्या जागेचा आहे, हेही लिहिले पाहिजे. दाट झाडीखाली सरपटणारी आग पानांआड जाते आणि कॅमेऱ्यापर्यंत तिचा थोडाच भाग पोचतो. मार्चमध्ये पानगळीच्या जंगलात छत विरळ असते म्हणून आशा आहे. सदाहरित राईत ती कमी.

पहिला आराखडा आणि त्यातली उधळपट्टी

पहिल्या आराखड्यात प्रत्येक फ्रेमवर न्यूरल नेटवर्क चालवायचे होते. बेंचवर फ्रेममागे दीड सेकंद लागत होता. पंच्याऐंशी फ्रेमना दोन मिनिटांहून जास्त. नव्वद सेकंदांत बसत नाही. नेटवर्क लहान करा, आठ बिटांवर आणा, हे उपाय समोर होते आणि विद्यार्थिनीने ते करूनही पाहिले. वेळ कमी झाला, पण छोट्या आगी सुटू लागल्या.

कोंडी फुटली ती दुसऱ्या बाजूने. सेकंदाला एक फ्रेम म्हणजे लागोपाठच्या दोन फ्रेममध्ये चित्र सुमारे ३५ ओळींनी सरकते. फ्रेममध्ये ५१२ ओळी आहेत, म्हणजे जमिनीवरचा प्रत्येक तुकडा चौदाएक वेळा दिसतो. या प्रकारचा न थंडावलेला कॅमेरा गोंगाट करतो. चौदा वेळा पाहिलेले एकावर एक नीट बसवले तर गोंगाट वर्गमुळाच्या नियमाने पावणेचार पटीने घटतो. आधी चित्रे रचून एकच स्वच्छ पट्टी बनवायची आणि नेटवर्कला तीच दाखवायची, असे ठरले.

चित्रे पिक्सेलच्या अंशापर्यंत अचूक रचणे हे खरे जीपीयूचे काम. त्यासाठी फूरिए रूपांतर (चित्राची लहरींत फोड करणारे गणित) करून दोन फ्रेमचे सरकणे मोजावे लागते, आणि हजारो पिक्सेलांवर एकसारखी क्रिया असल्यामुळे क्यूडावर ते धावते. जेटसनवर सीपीयू आणि जीपीयू एकच मेमरी वापरतात, त्यामुळे फ्रेम इकडून तिकडे नकलवण्याचा वेळही वाचवता येतो. पट्टी तयार झाली की आधी साधी तपासणी : हा पिक्सेल शेजाऱ्यांपेक्षा चार मायक्रॉनमध्ये किती वेगळा आहे? खरे तर एवढी तपासणी सीपीयूनेही जमते. त्यातून उरलेले मूठभर संशयित पिक्सेल तेवढे नेटवर्ककडे. सगळे मिळून आता पस्तीसेक सेकंदांत होते.

गटात यावर बरीच चर्चा झाली, कारण विद्यार्थिनीला वाटत होते की नेटवर्कचे काम एवढेसे उरले तर एआयचे श्रेय काय राहिले. माझे ठाम मत असे की कक्षेतल्या जीपीयूवर प्रत्येक महागड्या पायरीआधी एक स्वस्त पायरी हवीच. ढगांखालचा भाग, समुद्र, पाणी, रात्री थंड पडलेला सडा यांच्यावर एक ज्यूलही खर्च होता कामा नये. निवृत्त अधिकाऱ्यांचा आग्रह वेगळाच होता : खोट्या सूचना नकोत. "एकदा तापलेल्या सड्यासाठी वनरक्षकाला डोंगर चढायला लावलात, की तिसऱ्या वेळी तो मोबाइल बघणार नाही."

आणखी एक खर्च आम्हाला मोजेपर्यंत जाणवला नव्हता. मॉड्यूल बंद स्थितीतून उठून लिनक्स चालू व्हायला पाऊण मिनिट जाते. पाच वॅट धरले तरी सव्वादोनशे ज्यूल, आणि आमच्या पस्तीस सेकंदांचा खर्च सव्वापाचशे. उठण्यातच कामाच्या निम्म्याच्या जवळपास ऊर्जा जाते. म्हणून उपग्रह घाटावर येण्याआधीच मॉड्यूल जागे करायचे, फ्रेम येतील तशा रचत जायच्या आणि शेवटची फ्रेम आली की निकाल लावून लगेच झोपायचे, असे वेळापत्रक बसवले.

साट्रे गाव की डोंगराची पलीकडची बाजू

आग सापडली, पण कुठे? उपग्रहाला आपली दिशा ०.१ अंशाच्या अचूकतेने ठाऊक असेल, तर ५०० किलोमीटरवरून जमिनीवर सुमारे ९०० मीटरची चूक होते. सपाट प्रदेशात हे चालून जाईल. सत्तरीत ९०० मीटर म्हणजे कड्याची दुसरी बाजू, दुसरा गाव, दुसरी वाट.

यावर सापडलेला उपाय मला फार आवडतो, कारण तो गोव्याच्या भूगोलातूनच आला. कॅमेऱ्याचा पट्टा १२८ किलोमीटर रुंद आहे. म्हादईचे जंगल किनाऱ्यापासून चाळीस-पन्नास किलोमीटर, तेव्हा त्याच पट्ट्यात बहुतेक वेळा किनाराही असतो. दुपारी चारला जमीन तापलेली, समुद्र थंड. थर्मल चित्रात आग्वादचे टोक, मुरगावचा भूभाग, मांडवी आणि झुआरीची मुखे स्वच्छ कोरल्यासारखी दिसायला हवीत. साठवलेल्या किनारारेषेशी ती जुळवली की पिक्सेलभराच्या चुकीपर्यंत येता येते. हे जुळवणेही त्याच फूरिए रूपांतराने होते, वेगळा कोड लिहावा लागला नाही.

उंचीचा परिणाम त्यानंतर. कॅमेरा वीस अंश तिरका पाहत असेल तर ८०० मीटर उंचीचा माथा सुमारे २९० मीटर सरकलेला दिसतो. त्यासाठी उंचीचा नकाशा सोबत हवा. तीस मीटरच्या जाळीने अख्ख्या गोव्याच्या ३,७०२ चौरस किलोमीटरचा असा नकाशा आठ मेगाबाइटांत मावतो. घाटाच्या पूर्ण पट्ट्यासाठी जाळी थोडी विरळ केली.

वर पाठवायचे कसे, आणि वरचे खरे कसे मानायचे

जमिनीवर आपण प्रोग्राम कंटेनरमध्ये भरतो आणि दोन जीबीचे गाठोडे पाठवून मोकळे होतो. उपग्रहाकडे जाणारी आज्ञावाट सेकंदाला ९,६०० बिटांची असेल आणि दिवसाला चाळीस मिनिटे संपर्क मिळत असेल, तर ते गाठोडे पोचायला जवळजवळ दोन वर्षे लागतील. म्हणून क्यूडाची लायब्ररी आणि मूळ प्रणाली उड्डाणाआधीच मॉड्यूलवर ठेवायची, उंचीचा नकाशाही, आणि नंतर बदलायचे ते फक्त नेटवर्कचे वजन, म्हणजे शिकवताना त्यात ठरलेले आकडे. आठ बिटांवर आणलेले आमचे वजन सुमारे ३०० केबीचे आहे. ते चार-सव्वाचार मिनिटांत, म्हणजे एका फेरीत वर जाते. नेटवर्क लहान ठेवण्याचे हे कारण वेगापेक्षा मोठे आहे. शिवाय टेन्सरआरटीची (नेटवर्क जीपीयूवर वेगाने चालवणाऱ्या एनव्हिडियाच्या साधनाची) इंजिन फाइल ज्या प्रकारच्या जीपीयूवर बांधली त्याच प्रकारावर चालते, तेव्हा जमिनीवर हुबेहूब तेच मॉड्यूल आणि तीच आवृत्ती सांभाळणे भाग आहे. 'नवीन आवृत्ती आली, टाकून बघू' ही सवय इथे सोडावी लागते.

मग प्रारणाचा त्रास. एखादा भारित कण चिपमधून गेला की मेमरीतली एक बिट उलटते. प्रोग्राम कोसळला तर बरे, ते कळते तरी. वाईट प्रकार असा की प्रोग्राम शांतपणे चुकीचे उत्तर देतो : वजनातला एक आकडा बदललेला, आणि सत्तरीत नसलेली आग दिसते किंवा असलेली दिसत नाही. आम्ही दोन सोप्या सवयी लावल्या. प्रत्येक वेळी काम सुरू करण्याआधी वजनांचा चेकसम (आकडे बदलले नाहीत ना हे सांगणारा पडताळणीचा आकडा) तपासायचा आणि चुकला तर राखीव प्रत उचलायची. त्यानंतर एक ठरलेले नमुनाचित्र नेटवर्कमधून काढायचे, ज्याचे उत्तर आधीच माहीत आहे. उत्तर जुळले तरच खऱ्या पट्टीला हात लावायचा. याला सेकंदाचा अंशही लागत नाही. एकच काम तीनदा करून बहुमत घेण्याचा मार्गही आहे, पण नव्वद सेकंदांत तो परवडत नव्हता.

दक्षिण अटलांटिकवर, ब्राझीलच्या बाजूला, पृथ्वीचे चुंबकीय कवच कमजोर आहे आणि तिथे कणांचा मारा जास्त असतो. त्या भागावरून जाताना मॉड्यूल बंदच ठेवायचे, ही कंपनीची अट आम्ही आनंदाने मान्य केली. चिपमध्ये अचानक जास्त प्रवाह वाहू लागला तर वीज तोडून पुन्हा जोडणारे संरक्षण कंपनीकडेच आहे.

३४० बाइटांचा निरोप

निरोपात काय घालायचे यावर सगळ्यांत जास्त वेळ गेला, आणि तो वेळ योग्य ठिकाणी गेला. सुरुवातीला अक्षांश, रेखांश, दोन तापमाने आणि खात्रीचा आकडा एवढेच होते. ठिकाणामागे वीसेक बाइट, एका संदेशात पंधरा-सोळा ठिकाणे. बागायतदार काकांनी तो मसुदा पाहिला आणि मला म्हणाले, "बाळा, हे आकडे घेऊन मी काय करू? कुठल्या वाड्यावरून वर चढायचं ते सांग."

त्यांचे म्हणणे बरोबर होते, पण वाड्यांची नावे उपग्रहावर ठेवण्याची गरज नव्हती. आकडे खाली आले की जमिनीवरचा संगणक जवळचा वाडा, ओहोळ, जाळरेषा (आग अडवायला मोकळी ठेवलेली पट्टी) आणि चढायची वाट जोडतो आणि मराठीत निरोप तयार करतो. ती यादी वनरक्षकांना आणि काकांसारख्यांना विचारूनच करावी लागली, कारण अर्ध्या वाटा कुठल्याच नकाशावर नाहीत.

खात्रीचा आकडा मात्र आम्ही बदलला. त्याऐवजी सर्वांत संशयित ठिकाणाचे बारा बाय बारा पिक्सेलचे चित्र दोन पट्ट्यांत, पिक्सेलमागे एक बाइट घेऊन पाठवायचे ठरले. ते २८८ बाइट होते आणि उरलेल्या ५२ बाइटांत ठिकाण, वेळ आणि नमुनाचाचणीचा निकाल बसतो. बाकीची ठिकाणे दुसऱ्या संदेशात. वाळपईत बसलेला माणूस ते छोटेसे चित्र पाहून, आदल्या फेरीचे चित्र शेजारी ठेवून, सडा आहे की आग ते स्वतः ठरवू शकतो. डोंगर चढायला माणसे पाठवण्याचा निर्णय मशिनवर सोडू नये, हे मला पटते आणि गटातही त्यावर दुमत नव्हते.

जे यातून सुटत नाही

हिशेबाची एक बाजू आमच्या विरुद्ध आहे. १२८ किलोमीटरचा पट्टा आणि रोज पंधरा प्रदक्षिणा धरल्या, तर असा एक उपग्रह सत्तरीवर, दिवसाच्या आणि रात्रीच्या फेऱ्या मिळून, सरासरी दहा दिवसांतून एकदा येतो. कॅमेरा वळवता आला तर थोडा लवकर. एका उपग्रहाच्या भरवशावर कोणीही रोजची पहारेदारी सांगू नये. असे तीसएक उपग्रह असतील तर दिवसाला तीन फेऱ्या मिळतील, आणि त्यातली एक तीन ते सहामध्ये पडावी अशी त्यांची कक्षा आखता येईल. तेवढे उपग्रह सोडणे एखाद्या गावच्या गटाचे काम नाही. पण तेवढे उपग्रह सोडणाऱ्याकडे पश्चिम घाटाचा सडा, काजूची बाग आणि खाणीचा उतार ओळखणारा प्रोग्राम तयार असेलच असे नाही, आणि तो आमच्याकडे आहे.

सध्या प्रोग्राम जमिनीवरच्या मॉड्यूलवर चालतो. त्याला दाखवलेल्या आगी आम्ही व्हीआयआयआरएसच्या खऱ्या चित्रांवर प्लँकच्या सूत्राने मिसळलेल्या आहेत. खऱ्या कॅमेऱ्याची चित्रे मिळेपर्यंत खोट्या सूचनांचे प्रमाण किती राहील ते सांगता येणार नाही, म्हणून तो आकडा इथे दिलेला नाही. कंपनीशी ठरले आहे की पहिल्या टप्प्यात उपग्रहाने आमचा निकाल कोणालाही पाठवायचा नाही. फक्त साठवायचा, आणि त्याच पट्टीची मूळ चित्रे सवडीने खाली उतरवायची. दोन्ही शेजारी ठेवून पूर्ण काजू हंगाम तपासायचा. निवृत्त अधिकाऱ्यांनी वनखात्याकडून त्या हंगामातल्या आगींची नोंदवही मिळावी म्हणून अर्ज दिला आहे, कारण कुठे आग होती हे त्या वहीशिवाय ठरवता येणार नाही. त्याच काळात विद्यार्थिनी रात्रीच्या फेरीसाठी वेगळी मर्यादारेषा ठरवते आहे : रात्री सूर्याची चमक नसते, सडा निवलेला असतो, त्यामुळे चार मायक्रॉनचा पट्टा एकटाच पुरेल असा तिचा अंदाज आहे. पण रात्री किनारारेषा जुळवणे अवघड जाईल, कारण पहाटेकडे जमीन आणि समुद्र यांच्या तापमानातला फरक कमी होत जातो. त्यावर ती मांडवी-झुआरीच्या मुखांऐवजी अंजुणे, चापोली आणि साळावली धरणांच्या पाण्याच्या कडा वापरून पाहणार आहे.